मोकळे रडण्यासाठी जपानी गाणी : नवख्या श्रोत्यासाठी क्रमवार मार्गदर्शन

जपानमध्ये आजवर सर्वाधिक खपलेला गीतसंग्रह उतादा हिकारू यांचा आहे. तो मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा उतादा यांचे वय सोळा वर्षांचे होते, आणि एकट्या जपानमध्ये त्याच्या सत्तर लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. ज्या गाण्यावरून संग्रहाला 'फर्स्ट लव्ह' हे नाव मिळाले, ते संपून गेलेल्या पहिल्या प्रेमाचे गाणे आहे. त्यात दोषारोप नाही आणि परत येण्याची विनवणीही नाही. एवढ्या मोठ्या समाजाने इतके उदास गाणे उराशी धरले, यावरून तेथील लोकप्रिय संगीतात विरहाला, शोकाला आणि निरोपाला किती मानाची जागा आहे हे कळते. ठरवून, सोबतीने रडण्याचे कार्यक्रमही २०१३ च्या सुमारास तेथे सुरू झाले, आणि त्या उपक्रमाला 'रुइकात्सु' असे नावही मिळाले. मनात काही साचले आहे, पण डोळ्यांना पाणी येत नाही, अशा अवस्थेतील माणसासाठी या संगीतात मोठा साठा आहे. ज्यांना जपानी भाषा येत नाही आणि ज्यांची जपानी गाण्यांशी ओळख अ‍ॅनिमेपुरतीच आहे, अशा वाचकांना या साठ्यापर्यंत कसे पोहोचावे हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

वेळ राखून ठेवावी

रडल्यावर लगेच बरे वाटते असा सर्वसाधारण समज आहे, पण तो पुरता खरा नाही. नेदरलँड्समधील टिलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सहभागी लोकांना करुण चित्रपट दाखवून त्यांची मनःस्थिती वेळोवेळी मोजली होती. जे रडले, त्यांची मनःस्थिती चित्रपट संपताच खालावलेली आढळली; सुमारे वीस मिनिटांनी ती मूळ पातळीवर आली आणि नव्वद मिनिटांनंतर ती पूर्वीपेक्षाही चांगली झाली. नवख्या श्रोत्याने या निष्कर्षाचा अगदी व्यावहारिक उपयोग करावा. गाणी ऐकण्यासाठी पाऊण तास आणि त्यानंतर किमान दीड तास मोकळा राहील अशीच संध्याकाळ निवडावी. झोपण्याच्या तोंडावर ऐकायला बसल्यास मन खालावलेल्या अवस्थेतच अंथरुणावर जाते. लोकलमध्ये किंवा कार्यालयातील जेवणाच्या सुट्टीत ही गाणी प्रथमच ऐकू नयेत, कारण अश्रू आवरण्यात सगळे लक्ष जाते आणि गाणे हातचे निसटते.

खोलीचे दार लावून घ्यावे, हेडफोन असल्यास वापरावेत, जवळ पाणी आणि रुमाल ठेवावा. यूट्यूबवर ऐकत असाल, तर एका गाण्यानंतर दुसरे आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी आणि कलावंताच्या अधिकृत वाहिनीवरील ध्वनिमुद्रणच निवडावे. शोकगीताच्या अखेरच्या सुरानंतर लगेच जाहिरात लागली की जमलेले सारे विस्कटते. म्हणून शक्य असल्यास गाणी आधीच उतरवून ठेवावीत.

आपले दुःख कोणते, हे आधी ठरवावे

ही पायरी बहुतेक जण वगळतात. 'रडवणारी जपानी गाणी' अशी तयार यादी लावून ऐकू लागल्यास प्रियकराचा वियोग, आजीचा मृत्यू आणि शाळेचा निरोप एकापाठोपाठ येतात, आणि मन कोठेच थांबत नाही. माझा आग्रह असा आहे, की गाणे निवडण्यापूर्वी आपल्याला कोणाची उणीव भासते आहे, हे स्वतःशी स्पष्ट म्हणावे.

संपलेल्या प्रेमासाठी 'फर्स्ट लव्ह' हे तर आहेच, परंतु यामाझाकी मासायोशी यांचे 'वन मोअर टाइम, वन मोअर चान्स' हे १९९७ मधील गाणे मला अधिक खोल जाणारे वाटते. त्यातील माणूस निघून गेलेल्या व्यक्तीला जेथे ती असणे शक्यच नाही अशा ठिकाणी शोधत राहतो : समोरच्या फलाटावर, गल्लीतल्या खिडकीत, रेल्वेच्या फाटकापाशी, योकोहामाच्या साकुरागिचो भागात. शहर तेच राहते आणि त्यातले एकच माणूस नाहीसे होते, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला या गाण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. शिन्काई माकोतो यांनी २००७ च्या 'पाच सेंटिमीटर प्रतिसेकंद' या अ‍ॅनिमेपटाच्या अखेरीस ते वापरले, आणि त्यामुळे जपानबाहेरच्या तरुण श्रोत्यांपर्यंतही ते पोहोचले. चित्रपट पाहिलेला नसेल, तर गाणे आधी ऐकावे. नंतर चित्रपट पाहताना ते दुप्पट भिडते.

मृत्यूच्या दुःखासाठी दोन गाणी विशेष सांगण्यासारखी आहेत. पहिले 'नादा सोउसोउ'. गायिका मोरियामा र्‍योको यांनी तरुणपणीच वारलेल्या आपल्या थोरल्या भावाच्या आठवणीने त्याचे शब्द लिहिले आणि ओकिनावातील इशिगाकी बेटाच्या 'बिगिन' या गटाने त्याला चाल दिली. मोरियामा यांनी ते १९९८ मध्ये गायले, पण ते घराघरांत पोहोचले ते २००१ मध्ये इशिगाकीच्याच नात्सुकावा रिमी यांच्या आवाजात. जुने छायाचित्रसंग्रह उलटत असताना पुटपुटलेले आभार आणि संध्याकाळच्या पहिल्या ताऱ्याकडे पाहून केलेली प्रार्थना, एवढ्याच साध्या कृती त्यात आहेत. नात्सुकावा यांचा आवाज कोठेही फुटत नाही, कोठेही हुंदका देत नाही. रडण्याचे काम ते गाणे पूर्णपणे ऐकणाऱ्यावर सोपवते.

दुसरे गाणे योनेझू केन्शी यांचे 'लेमन'. अनैसर्गिक मृत्यूंचा शोध घेणाऱ्या न्यायवैद्यक डॉक्टरांवरील 'अननॅचरल' या २०१८ च्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी ते लिहिले गेले, आणि ते घडत असतानाच योनेझू यांचे आजोबा वारले. मृत व्यक्तीविषयीचे मागणीनुसार लिहायचे गीत त्यामुळे अचानक त्यांच्या स्वतःच्या घराचे झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरअखेर एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या 'कोहाकु' या वार्षिक संगीतसमारंभात त्यांनी ते तोकुशिमा या आपल्या जन्मप्रांतातील ओत्सुका कलासंग्रहालयातून, मेणबत्त्यांच्या उजेडात गायले. जपानच्या बिलबोर्ड क्रमवारीत हे गाणे २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे वार्षिक पहिल्या स्थानी राहिले. त्याचा ठेका चालता आहे, म्हणून पहिल्यांदा ऐकताना ते शोकगीत आहे हे लक्षातही येत नाही. अर्थ कळल्यावर मात्र त्या ठेक्यातली ओढ जीवघेणी वाटू लागते.

आजीआजोबांच्या घरी वाढलेल्यांनी उएमुरा काना यांचे 'तोइरे नो कामिसामा' हे २०१० चे गाणे ऐकावे. शौचालयात एक सुंदर देवता राहते आणि जी मुलगी ते रोज स्वच्छ करते ती त्या देवतेसारखी सुंदर होते, असे आजीने नातीला सांगितलेले असते. हे गाणे जवळजवळ दहा मिनिटांचे असून त्यात एक पूर्ण आयुष्य येते : आजीबरोबर खेळलेले खेळ, वयात येतानाची भांडणे, घर सोडून तोक्योला जाणे, आणि मग आजारी आजीच्या भेटीसाठी परतणे. गायिका कान्साई भागाच्या बोलीत गाते, म्हणून ते अगदी घरगुती वाटते. शीर्षक वाचून ते विनोदी असेल असा ग्रह करून घेऊ नये. कोकणात किंवा देशावर आजीपाशी बालपण घालवून पुढे मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात गेलेल्या मराठी माणसाला यातली अपराधाची भावना तपशिलासह ओळखीची वाटेल. मला या सर्व गाण्यांत अधिक प्रिय हेच आहे.

मैत्रीच्या ताटातुटीसाठी साप्पोरोच्या 'झोन' या मुलींच्या गटाचे २००१ मधील 'सीक्रेट बेस' हे गाणे आहे. उन्हाळा संपतो, मित्र दूर गावी जातो, आणि दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये पुन्हा भेटू असे वचन दिले जाते. बरोबर दहा वर्षांनी, २०११ मध्ये, 'आनोहाना' या अ‍ॅनिमेने ते नव्या आवाजांत पुन्हा आणले. जपानचे शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये संपते आणि चेरीचा बहरही त्याच सुमारास येतो, त्यामुळे निरोपाच्या गाण्यांचा तेथे स्वतंत्र हंगामच असतो. त्यातले मोरियामा नाओतारो यांचे, केवळ पियानोच्या साथीने गायलेले २००३ चे 'साकुरा' अवश्य ऐकावे. हे नाओतारो म्हणजे 'नादा सोउसोउ' लिहिणाऱ्या र्‍योको यांचे चिरंजीव.

अर्थ एकदाच वाचावा, आणि तोही आधी

भाषांतरित ओळी डोळ्यांसमोर सरकत असताना रडणे कठीण जाते, कारण वाचणारे मन सावध असते. म्हणून ऐकण्यापूर्वी एकदा गीताचा अर्थ पूर्ण वाचावा आणि मग तो बाजूला ठेवून आपल्या मराठीत तीन-चार वाक्यांत लिहून काढावा : बोलणारे कोण आहे, कोणाशी बोलते आहे, ती व्यक्ती हयात आहे की नाही, आणि बोलणाऱ्याच्या मनात काय राहून गेले आहे. जपानी गीतांत व्यक्तीचे लिंग, नाते आणि पुष्कळदा कर्ताही अध्याहृत असतो, त्यामुळे भाषांतरकाराने 'ती' लिहिले म्हणून ते बंधनकारक मानू नये. प्रेयसीसाठी लिहिलेल्या वाटणाऱ्या गाण्यात आपली आई किंवा आपला मित्र सहज सामावतो, आणि तो सामावू द्यावा.

काही शब्द मात्र कानांना ओळखू यावेत. 'नामिदा' म्हणजे अश्रू, 'आइताइ' म्हणजे भेटावेसे वाटते, 'किमी' किंवा 'आनाता' म्हणजे तू, 'योरु' म्हणजे रात्र, 'आरिगातो' म्हणजे आभार, 'वासुरेनाइ' म्हणजे विसरणार नाही. एवढे शब्द ऐकता ऐकता सापडले तरी गाण्यातील वळणे कळू लागतात. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे; ओळखीत असे कोणी असल्यास एखाद्या ओळीचा अर्थ त्यांना विचारावा, कारण यंत्राने केलेले भाषांतर कर्ता चुकवते आणि मग बोलणारे कोण, हेच उलटे होऊन बसते.

गाण्याची बांधणी समजून घ्यावी

आपल्या चित्रपटगीतांत मुखडा सुरुवातीलाच येतो आणि अंतरे त्याकडे परततात. जपानी गाणे बहुधा उलट्या धीराने चालते. आधी शांत असा पहिला भाग येतो, त्याला तेथे 'ए-मेलो' म्हणतात. मग ताण वाढवणारा 'बी-मेलो'. आणि त्यानंतर गाण्याचा गाभा, म्हणजे 'साबी'. हे चक्र दोनदा फिरते, मध्ये वाद्यांचा तुकडा येतो, आणि मग पुष्कळ गाण्यांत अशी जागा येते की जवळजवळ सगळी वाद्ये थांबतात आणि एकटा आवाज साबीची ओळ हलकेच म्हणतो. हिला 'ओची-साबी' म्हणतात. लगेच पुढे सर्व वाद्यांसह शेवटची साबी येते, आणि अनेकदा ती मूळ पट्टीपेक्षा वर चढवलेली असते. 'फर्स्ट लव्ह'च्या अखेरीस अशी चढण ऐकू येते. बांध फुटण्याची जागा बहुधा हीच असते, आणि ती गाण्याच्या शेवटच्या चतुर्थांशात असते. तीस सेकंद ऐकून पुढचे गाणे लावणाऱ्याला ती कधीच भेटत नाही. याच कारणासाठी अ‍ॅनिमेच्या आरंभी किंवा अखेरीस लागणारी दीड मिनिटाची आवृत्ती ऐकून समाधान मानू नये; पूर्ण ध्वनिमुद्रण शोधावे.

स्वरांच्या बाबतीत दोन गोष्टी मराठी कानाला विशेष उपयोगी आहेत. जपानी लोकप्रिय गाण्यांत स्वरगुच्छांचा, म्हणजे एकत्र वाजवल्या जाणाऱ्या स्वरांचा ('कॉर्ड'चा), एक क्रम फार वापरला जातो. त्याला तेथे 'ओउदो शिन्को', म्हणजे राजमार्ग, असे म्हणतात. तो चौथ्या आणि पाचव्या स्वरावरील गुच्छांनी सुरू होतो, त्यामुळे आता षड्जावर विसावणार असे वाटते, पण तो तिसऱ्याकडे वळून सहाव्या स्वरावरील उदास गुच्छावर उतरतो. घरी निघालेल्या कानाला घर दिसते आणि दर वेळी दार बंदच राहते. ही अपुरी राहिलेली अपेक्षाच हुरहुर निर्माण करते. दुसरी गोष्ट 'योनानुकी' या पंचस्वरी रचनेची. तिच्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात, म्हणजे स्वरांपुरता तो आपला भूपच होय. साकामोतो क्यू यांच्या 'उए ओ मुइते आरुकोउ' या १९६१ च्या गाण्याची चाल प्रामुख्याने याच स्वरांत फिरते, त्यामुळे ती मराठी श्रोत्याला पहिल्याच ऐकण्यात परकी वाटत नाही.

ऐकण्याचा क्रम

एका बैठकीला पाचांहून अधिक गाणी घेऊ नयेत. सुरुवात साकामोतो यांच्या याच गाण्याने करावी, असे मी आवर्जून सुचवतो. एई रोकुसुके यांचे शब्द आणि नाकामुरा हाचिदाई यांची चाल असलेले हे तीनच मिनिटांचे गाणे, अश्रू ओघळू नयेत म्हणून मान वर करून चालणाऱ्या एकट्या माणसाचे आहे. चाल हसरी आहे, मध्ये शीळ आहे. १९६३ च्या जून महिन्यात ते 'सुकियाकी' या असंबद्ध नावाने अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या स्थानी पोहोचले. साकामोतो स्वतः १२ ऑगस्ट १९८५ रोजी झालेल्या जपान एअरलाइन्सच्या विमान अपघातात गेले. त्या अपघातात ५२० माणसे मृत्युमुखी पडली. हे ठाऊक असताना ती शीळ ऐकली की गळा दाटतो, पण अश्रू अजून आवरता येतात, आणि पहिल्या गाण्याकडून तेवढेच अपेक्षित असते.

दुसरे गाणे आपल्या दुःखाच्या जवळचे, पण अगदी तेच नसलेले घ्यावे. वडील गेले असतील तर येथे 'सीक्रेट बेस' किंवा 'वन मोअर टाइम' चालेल. विरहाचे दुःख असेल तर 'साकुरा' घ्यावे. तिसरे आणि चौथे गाणे मात्र थेट आपल्या जखमेचे असावे, आणि त्यांतील अधिक लांबीचे गाणे नंतर ठेवावे. यांपैकी एखाद्या गाण्यावर रडू आले, तर ते संपल्यावर लगेच पुढचे लावू नये. तेच गाणे पुन्हा एकदा लावावे. दुसऱ्या ऐकण्यात ओची-साबी कोठे येणार हे माहीत असल्याने मन तिची वाट पाहत राहते, आणि पहिल्या वेळी अर्ध्यावर थांबलेले रडणे या वेळी पूर्ण होते.

पाचवे गाणे बाहेर येण्यासाठी ठेवावे. अँजेला आकी यांचे 'तेगामी' हे २००८ चे गाणे या कामासाठी उत्तम आहे. पंधरा वर्षांचे एक मूल भविष्यातील स्वतःला पत्र लिहिते आणि मोठेपणीचा तोच माणूस त्याला उत्तर पाठवतो. एनएचकेच्या शालेय समूहगान स्पर्धेत माध्यमिक गटासाठी त्या वर्षी हे गीत नेमलेले होते, म्हणून शाळांच्या समूहगानातही ते पुष्कळ ऐकायला मिळते. ते ऐकताना रडू येते, पण त्या रडण्यात कोणीतरी पाठीवरून हात फिरवल्याचा दिलासा असतो.

रडू आलेच नाही, तर स्वतःवर जबरदस्ती करू नये. पहिल्या खेपेला कानाला भाषेची, आवाजांची ओळख होण्यातच वेळ जातो. आठवडाभराने त्याच गाण्यांकडे परतावे, नवी शोधू नयेत.

नंतरची काळजी, आणि काही गाणी तूर्त टाळण्याविषयी

गाणी संपल्यावर तोंड धुवावे, पाणी प्यावे, थोडे खावे आणि राखून ठेवलेला दीड तास हाताला हलके काम देणाऱ्या गोष्टीत घालवावा. फोनवर बातम्या पाहत बसू नये. कोणाशी बोलावेसे वाटले तर अवश्य बोलावे. रडणाऱ्याला समजून घेणारे माणूस जवळ असले, तर रडण्याचा उपयोग अधिक होतो.

तयार याद्यांत काही गाणी अशी येतात, की जी नवख्याने माहिती करून घेतल्याशिवाय लावू नयेत. योआसोबी या जोडगोळीचे 'योरु नि काकेरु' ऐकायला चपळ आणि प्रसन्न वाटते, परंतु ते ज्या लघुकथेवर बेतले आहे तिचा विषय आत्महत्या आहे. नाकाशिमा मिका यांचे २०१३ चे 'बोकु गा शिनोउ तो ओमोत्ता नो वा' हे मरावेसे वाटण्याविषयी उघडपणे बोलते. ते जगण्याच्या बाजूने संपते आणि ते थोर गाणे आहे, तरीही मन फार खचलेले असताना एकट्याने ते ऐकू नये. त्याच गायिकेचे २००३ चे 'युकी नो हाना', म्हणजे बर्फाचे फूल, हे कोमल प्रेमगीत त्याऐवजी घ्यावे. रडणे कित्येक आठवडे थांबत नसेल, झोप आणि जेवण सुटले असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर गाणी बाजूला ठेवून भारत सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

ही पहिली ओळख पक्की झाल्यावर मागे जावे. 'कोनायुकी' हे रेमिओरोमेन गटाचे २००५ चे गाणे, कितो आया या आजारी मुलीच्या दैनंदिनीवर आधारलेल्या 'एक लिटर अश्रू' या मालिकेसह ऐकावे. त्यानंतर १९७३ मधील आराई युमी यांचे 'हिकोउकीगुमो', म्हणजे विमानामागे उमटणारा ढग, आणि १९८० मधील इत्सुवा मायुमी यांचे 'कोइबितो यो' घ्यावे. आराई यांचे गाणे अकाली गेलेल्या एका तरुण जिवाचे आहे. मियाझाकी हायाओ यांनी चाळीस वर्षांनी आपल्या चित्रपटात ते जसेच्या तसे घेतले, आणि आजच्या ध्वनिमुद्रणांची सवय झालेल्या कानालाही त्यातला पियानो आणि तो काहीसा कोरडा, तरुण आवाज जुना वाटत नाही.